‘हॅलो’ : अनोळखी माणसाला मारलेली हाक

दर काही महिन्यांनी मोबाइलवर एक गोष्ट फिरत फिरत पुन्हा आपल्यापर्यंत येते. टेलिफोनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलच्या प्रेयसीचं नाव म्हणे मार्गारेट हॅलो. यंत्र तयार झाल्यावर पहिला फोन त्यानं तिला केला, तोंडातून तिचं नाव निघालं, आणि तेव्हापासून सारं जग फोन उचलला की त्या बाईचं नाव घेतं. शेवटी तात्पर्य असतं, त्याखाली गुलाबाची फुलं असतात आणि हात जोडलेले असतात.

गोष्ट गोड आहे आणि साफ खोटी आहे. बेलच्या आयुष्यात जी होती तिचं नाव मेबल हबर्ड. पाचव्या वर्षी स्कार्लेट फीव्हरनं तिचं ऐकणं कायमचं गेलं. बेल हा बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवणारा शिक्षक आणि मेबल त्याची विद्यार्थिनी. ११ जुलै १८७७ ला दोघांचं लग्न झालं, तेव्हा नव्या टेलिफोन कंपनीतले आपले सगळे शेअर, अवघे १० मागे ठेवून, बेलनं तिच्या नावावर करून टाकले. ज्या यंत्राची ती अशी मालकीण झाली, त्यातून येणारा एक शब्दही तिला जन्मभर ऐकू येणार नव्हता. खऱ्या हकिकतीत एवढा रस भरलेला असताना लोकांना मार्गारेट का लागते, हे एक कोडंच आहे.

आणि बेल तर फोनवर ‘हॅलो’ म्हणतच नसे. १० मार्च १८७६ ला बोस्टनमध्ये तारेवरून जे पहिलं समजण्याजोगं बोलणं गेलं, ते पलीकडच्या खोलीतल्या सहायकाला, थॉमस वॉटसनला, इकडे या म्हणून दिलेलं बोलावणं होतं. त्यात ना नमस्कार, ना चमत्कार. पुढं फोनवर बोलण्याची सुरुवात कशानं करावी असा प्रश्न आला तेव्हा बेलनं निवडलेला शब्द होता ‘अहॉय’. हा खलाशांचा शब्द. भर समुद्रात एक जहाज दुसऱ्याला हाक मारतं तेव्हा समोर कोण आहे, आपला की परका, काहीच ठाऊक नसतं. फक्त तिकडं कुणीतरी आहे एवढं दिसतं. टेलिफोनच्या तारेवर दोन माणसं अशीच अंधारात एकमेकांसमोर येतात हे बेलनं नेमकं हेरलं होतं. मराठी कानाला तर ‘अहॉय’मध्ये आपला ‘अहो’ ऐकू येतो, आणि तो शब्द टिकला असता तर आपल्या घराघरांतल्या बायकांना नवऱ्याचा फोन घेताना वेगळं काही म्हणावंच लागलं नसतं! पण टिकला नाही. बेल स्वतः अखेरपर्यंत त्याला चिकटून राहिला, बाकी जग दुसऱ्याच्या मागं गेलं.

तो दुसरा म्हणजे टॉमस एडिसन.

१८७७ च्या उन्हाळ्यात टेलिफोन हे आजच्यासारखं वाजणारं यंत्र नव्हतं. दोन ठिकाणं तारेनं कायमची जोडलेली असायची आणि ती तार सदा उघडी. प्रश्न असा, की इकडच्या माणसाला बोलायचं आहे हे तिकडच्या माणसाला कळणार कसं? एक घंटा बसवावी असा एक विचार होता. पिट्सबर्गला टेलिग्राफ कंपनी चालवणारे टी. बी. ए. डेव्हिड तिथं टेलिफोन सुरू करण्याच्या खटपटीत होते. १५ ऑगस्ट १८७७ ला एडिसननं त्यांना चार ओळींची चिठ्ठी धाडली. तिचा आशय असा : घंटेची गरज पडेल असं मला वाटत नाही, ‘हॅलो’ हा शब्द १० ते २० फुटांवरून ऐकू येतो, तुम्हाला काय वाटतं? ताज्या कलमात, बोलायचं आणि ऐकायचं यंत्र तयार करायला लागणारा खर्च : ७ डॉलर.

ही चिठ्ठी मला फार आवडते, कारण या एवढ्याशा कागदावर एका शब्दाचा सगळा स्वभाव उमटला आहे. एडिसनला अभिवादन नको होतं, शिष्टाचारही नको होता. त्याला एका घंटेचे पैसे वाचवायचे होते. ‘हॅलो’ जगात आला तो घंटेच्या जागी, माणसाच्या तोंडानं वाजवायची घंटा म्हणून. आपण त्याला ‘नमस्कारा’च्या पंक्तीला बसवतो तिथंच पहिली गफलत होते. नमस्कार समोरच्याला काहीतरी देतो, मान, शुभेच्छा, निदान जोडलेले दोन हात. ‘हॅलो’ काहीच देत नाही. तो विचारतो : आहे का कुणी?

या कथेत बहिरेपण सारखं डोकावतं ते पाहण्यासारखं आहे. बेलची आई बहिरी, बायको बहिरी. एडिसनलाही लहानपणापासून कमी ऐकू यायचं. दहा-वीस फुटांवरून कुठला शब्द कानात शिरतो आणि कुठला वाटेतच विरतो, हे ज्याला मोजूनमापून माहीत असावं असा तो माणूस. त्याच उन्हाळ्यात, जुलैमध्ये, तो आवाज नोंदवून ठेवण्याच्या प्रयोगात गुंतला होता. सरकत्या मेणकागदावर सुईनं आवाजाच्या खुणा उठवायच्या आणि त्याच खुणांवरून सुई पुन्हा फिरवायची. त्या कागदात तो ओरडला होता ‘हॅलू!’, आणि त्याच्या आठवणीनुसार कागदानं अस्पष्टसं का होईना, तेच परत ऐकवलं. नवं यंत्र हाती आलं की हा गृहस्थ पहिल्यांदा त्याला हाक मारून बघे.

शब्द मात्र एडिसननं घडवलेला नाही. तो आधीपासून रानावनात आणि नदीकाठी होता. इंग्रजीत ‘हॉला’, ‘हॉलो’, ‘हॅलू’, ‘हलोआ’, ‘हॅलो’, ‘हुलो’ अशी एका मोठ्या गोतावळ्यासारखी रूपं सोळाव्या शतकापासून सापडतात. काही फ्रेंच ‘होला’कडून आली, त्याचा अर्थ ‘ओ, तिथं थांब’ असा. कोशकारांचा आणखी एक अंदाज जुन्या जर्मनकडे जातो. तिथं ‘आण’ अशा अर्थाच्या क्रियापदाचं लांबवलेलं आज्ञार्थी रूप पैलतीरावरच्या नावाड्याला हाक मारायला वापरत. म्हणजे काठावर उभा राहिलेला वाटसरू, मध्ये नदी, पलीकडं नाव बांधून बसलेला नावाडी, आणि पाण्यावरून जाणारी हाक : आण रे इकडं! हा अंदाज खरा असेल तर या शब्दाच्या नशिबात पहिल्यापासूनच पलीकडचा माणूस होता.

शिकारीत कुत्र्यांना चेतवायला, चुकलेल्या सोबत्याला वाट दाखवायला हीच आरोळी असे. रान पार होईपर्यंत आनंदाची आरोळी ठोकू नये, अशी इंग्रजीत एक म्हण आहे. तिच्यातही क्रियापद ‘हॅलू’च. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये प्रियेचं नाव डोंगरांना पुकारून सांगण्याची जी गोष्ट येते तिथं हाच शब्द, आणि कोलरिजच्या म्हाताऱ्या खलाशाच्या कवितेत तो समुद्रपक्षी रोज ज्या हाकेला ओ देऊन जहाजावर येतो ती हाकही ‘हॉलो’. आपल्याकडं अशा हाकेला ‘हाळी’ म्हणतात. शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाळी दिली जाते. ‘हाळी’ आणि ‘हॅलो’ यांचं नातं जोडण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. दूरवर आवाज पोचवायचा असला की माणसाचा घसा साधारण सारख्याच खटपटी करतो, एवढंच त्यातून निघतं. असली नाती जुळवणाऱ्यांनीच मार्गारेटलाही जन्माला घातलं आहे.

‘हॅलो’ या आजच्या लेखनासह तो छापलेला आढळतो १८२६ मध्ये, कनेक्टिकट राज्यातल्या ‘नॉर्विच कुरियर’ या वर्तमानपत्रात. तिथंही तो अभिवादन म्हणून येत नाही. त्या काळी ‘हॅलो’ म्हणजे ‘ए, इकडं बघ’ किंवा ‘अरेच्चा, हे काय!’ विलायतेत तर पुढं कितीतरी दिवस ‘हुलो’ हा आश्चर्याचाच उद्गार राहिला. वाटेत काही विचित्र दिसलं की ‘हुलो!’ भेटलेल्या सभ्य माणसाला उद्देशून तो म्हणणं म्हणजे गाडीवानासारखं वागणं. सभ्य लोक ‘गुड मॉर्निंग’ म्हणत, आणि तेही ओळख करून दिली गेली असेल तरच.

टेलिफोननं नेमकी हीच पंचाईत केली. घंटा बसली, एक्स्चेंज आली, आणि कोण कुठून बोलतंय हे कळण्याआधीच तोंड उघडावं लागू लागलं. ‘गुड मॉर्निंग’ म्हणावं तर तिकडचा माणूस त्या लायकीचा आहे की नाही कोण सांगणार? २८ जानेवारी १८७८ ला कनेक्टिकटमधल्याच न्यू हेवन गावी पहिली व्यापारी टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली, वर्गणीदार २१. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिथल्या कंपनीनं काढलेल्या टेलिफोन-पुस्तकात फोनवर कसं बोलावं याचे धडे होते. सुरुवात ‘हलोआ’नं करा, असं त्यात छापलं होतं. रानातली आरोळी अशी वर्षभरात छापील शिष्टाचार होऊन बसली. बोलणं संपवायचं कसं याचाही नियम त्या पुस्तकात होता. त्याच्याकडं मी शेवटी येतो.

नव्या रीतीला विरोध झाला नाही असं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या काही टेलिफोन कंपन्यांनाच आपण रुजवलेल्या शब्दाची लाज वाटू लागली. कुणाच्या घरात शिरताना तुम्ही ‘हॅलो, हॅलो’ म्हणून ओरडत जाता का, मग फोनवर का, असं त्या ग्राहकांना विचारू लागल्या. आपलं नाव सांगा, हुद्दा सांगा, मग बोला. सल्ला रास्त होता. कुणी ऐकला नाही.

एक्स्चेंजमध्ये आधी तारखात्यातली पोरं बसवली होती. ती ग्राहकांशी उद्धटपणे बोलत. मग १ सप्टेंबर १८७८ ला बोस्टनमध्ये एमा नट ही पहिली बाई कामावर आली आणि पाहता पाहता ते कामच बायकांचं झालं. त्यांना नाव पडलं ‘हॅलो गर्ल’. पहिल्या महायुद्धात अशा दोनशेहून जास्त इंग्रजी-फ्रेंच जाणणाऱ्या मुली अमेरिकी सैन्याबरोबर फ्रान्समध्ये टेलिफोन सांभाळायला गेल्या. परत आल्यावर सैन्यानं त्यांना सांगितलं, की तुम्ही सैनिक नव्हताच. त्यांना सैनिक म्हणून मान देणारा कायदा व्हायला १९७७ साल उजाडलं.

‘हॅलो गर्ल’ हा शब्द मार्क ट्वेननं १८८९ च्या एका कादंबरीत वापरला आहे, आणि तिथं या शब्दावर त्यानं जी गंमत केली आहे तिच्यापुढं आपल्या मोबाइलवरची गोष्ट फिकी पडते. कादंबरी तीच, कनेक्टिकटचा एक माणूस डोक्यात फटका बसून सहाव्या शतकातल्या राजा आर्थरच्या दरबारात जाऊन पडतो ती. (नॉर्विच, न्यू हेवन आणि ट्वेनचं हार्टफर्ड, तिन्ही एकाच छोट्या राज्यात. ‘हॅलो’ला कुठं सासरमाहेर द्यायचंच झालं तर ते इथं द्यावं.) या नायकाचं आपल्या काळातल्या एका टेलिफोनवालीवर मन जडलेलं. केवळ तिचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून तो एक्स्चेंजला फोन करी. तेराशे वर्षं मागं गेल्यावर तो झोपेत कळवळून हाक मारतो, ‘हॅलो, सेंट्रल!’ त्याच्या शेजारी निजलेल्या सहाव्या शतकातल्या बायकोला वाटतं, हे याच्या कुण्या हरवलेल्या प्रियेचं नाव असावं. ती थोर मनाची बाई. नवऱ्याचं दुःख हलकं व्हावं म्हणून ती आपल्या लेकीचंच नाव ठेवते, ‘हॅलो-सेंट्रल’. ‘हॅलो’ हे प्रेयसीचं नाव असल्याचा गैरसमज ट्वेननं विनोद म्हणून लिहिला. आपण तोच इतिहास म्हणून एकमेकांना पाठवतो.

आता शब्दाच्या अंगाकडं पाहू. ‘ह’ म्हणजे निव्वळ श्वास. ओठ, दात, टाळू, कुणाचीच आडकाठी नाही. मग ‘ल’, जीभ जेमतेम टेकते न टेकते तोच सुटते. आणि शेवटी ‘ओ’, तोंड गोल उघडं ठेवून दम असेल तितका वेळ लांबवता येणारा. हाक मारायच्या शब्दाला शेवटी उघडा स्वर लागतोच. दारात उभं राहून आई पोराला बोलावते तेव्हा ‘सुरेश’ असं न म्हणता ‘सुऱ्याऽ’ म्हणते, ते उगीच नाही. इंग्रज आणि अमेरिकन या शब्दात जोर देतात तो ‘लो’वर, म्हणजे हाकेच्या लांबणाऱ्या टोकावर. आपण जोर देतो ‘हॅ’वर आणि फोन लागत नसला की ‘ल’ दुप्पट करून ‘हॅल्लो’. ‘हॅ’ लिहायला आपल्याकडं डोक्यावरचा अर्धचंद्र आहे ही चैनच म्हणायची. हिंदीवाले ‘हैलो’ लिहितात तेव्हा तो शब्द थोडा दमल्यासारखा दिसतो. गावाकडं त्याचा ‘हालो’ होतो, आणि माझ्या मते तो मूळच्या रानातल्या आरोळीच्या जास्त जवळचा आहे.

एकाच फोनमध्ये हा शब्द किती वेळा रंग पालटतो ते ऐका. घंटा वाजली, उचलणारा म्हणतो ‘हॅलो?’ स्वर वर चढतो, प्रश्न आहे : कोण? पलीकडून उत्तर येतं, ‘हॅलो’. शब्द तोच, पण स्वर उतरलेला. हा ‘मी आहे’ असा कबुलीजबाब. ओळख पटली की तिसरा येतो, ‘हॅलोऽऽ!’ त्यात भेटीचा आनंद असतो. बोलता बोलता आवाज खरखरला की चौथा, ‘हॅलो... हॅलो...’ म्हणजे तार अजून जिवंत आहे ना? चार वेगळी कामं, आणि त्यांतलं एकही काम शब्दाच्या अर्थावर चालत नाही. सगळं सुरावर. असे शब्द कोशात मावत नाहीत. कोश अर्थ सांगतो. इथं अर्थ जवळजवळ नाहीच.

मराठीला हा शब्द एवढा का मानवला, याचं उत्तर मला आपल्याच व्याकरणात दिसतं. मराठीत कुणालाही हाक मारायची तर आधी तीन दारांतलं एक निवडावं लागतं : अरे, अगं, अहो. पुरुष की बाई? लहान की मोठा? जवळचा की मानाचा? हे ठरल्याशिवाय मराठी माणसाचं तोंडच उघडत नाही. रस्त्यात चालेल, तिथं माणूस दिसतो. पण फोनवर? पलीकडं साहेब आहेत की त्यांचा शिपाई, मावशी आहे की मावशीचा नातू, काही दिसत नाही. ‘अरे’ म्हणावं तर अपमान होईल, ‘अगं’ म्हणावं तर घोटाळा. ‘हॅलो’ला लिंग नाही, वय नाही, आदरार्थी बहुवचन नाही. आवाज ओळखू येईपर्यंत मधल्या तीन-चार सेकंदांत उभं राहायला त्यानं आपल्याला जागा करून दिली. ओळख पटताच आपण झटकन आपल्या घरी परततो : ‘हॅलो... अगं तू होय!’

आपल्या अभिवादनांचंही तसंच. राम राम, जय भीम, जय जिनेंद्र, राम कृष्ण हरी, जय महाराष्ट्र, यांतलं प्रत्येक बोलणाऱ्याची ओळख सांगून टाकतं : पंथ, समाज, कधी पक्षसुद्धा. आपल्या माणसांत ते हवंच असतं. त्यातली ऊब ‘हॅलो’त कधी येणार नाही. पण कोण आहे हे न विचारता सर्वांना सारखी मारता येईल अशी हाक आपल्याकडं फारशी नव्हती. ती तारेवरून आली.

मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली २८ जानेवारी १८८२ ला, कलकत्ता आणि मद्रासबरोबर एकाच दिवशी. न्यू हेवनच्या एक्स्चेंजला त्या दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती. पुढची शंभर वर्षं मात्र आपल्याकडं फोन ही बड्यांची आणि कचेऱ्यांची गोष्ट राहिली. सामान्य माणसाच्या वाट्याला ट्रंक कॉलसाठी तासन् तास बसणं आणि शेजारच्यांचा पी. पी. नंबर. शेजारीणबाई रिसीव्हर बाजूला काढून ठेवायच्या, पोरगं जिन्यानं धावत सांगायला यायचं, आणि मग ओल्या हातांनी, धापा टाकत जो ‘हॅलो’ म्हटला जायचा त्यात धास्तीच जास्त असायची, कारण फोन येतो तो वाईट बातमी घेऊनच, अशी बहुतेकांची समजूत. बोलायचंही ओरडून. पुण्याहून नागपूरला बोलणारा माणूस खिडकी उघडली असती तरी ऐकू गेलं असतं अशा आवाजात बोले. एडिसनचा दहा-वीस फुटांचा हिशेब आम्ही सातशे किलोमीटरपर्यंत ताणला होता.

तिथून हा शब्द यंत्राबाहेर पडला आणि मराठीत स्वतःची कामं करू लागला. ‘आमचं काही खास नाही, नुसतं हाय-हॅलो आहे’ या वाक्यात तो नाम झाला आहे आणि तोंडओळखीचं मापही. गणपतीच्या मांडवात ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग’ म्हणणारा कार्यकर्ता समोरच्या रिकाम्या खुर्च्यांना अभिवादन करत नसतो. आवाज जातोय का तेवढं बघत असतो. शब्दाचं मूळचं काम इतक्या शुद्ध स्वरूपात मला दुसरीकडं क्वचितच दिसतं. ‘लोकमत’च्या स्थानिक पुरवण्यांवर शहराच्या नावाआधी ‘हॅलो’ लागतो, जणू वर्तमानपत्रच गावाला हाक मारतंय. आणि अलीकडची मुलंमुली समोरच्याचं लक्ष नसलं की हात हलवत म्हणतात, ‘हॅलोऽ! मी इथे उभी आहे!’ वडीलधाऱ्यांना हे आगाऊपणाचं वाटतं. पण १८२६ च्या अमेरिकेत हा शब्द म्हणजे नेमकं हेच होतं : ए, इकडं बघ.

संगणकाचा प्रोग्रॅम लिहायला शिकणारा पुण्या-नाशिकचा प्रत्येक विद्यार्थी पहिल्या दिवशी यंत्राकडून दोन शब्द छापून घेतो : ‘हॅलो, वर्ल्ड’. ही प्रथा ब्रायन कर्निगनची. १९७८ मध्ये त्यानं आणि डेनिस रिचीनं लिहिलेल्या ‘सी’ भाषेच्या पुस्तकानं ती जगभर नेली. त्या प्रोग्रॅमचा उपयोग काय? काहीच नाही. सगळं नीट जोडलंय ना, आतला आवाज बाहेर येतोय ना, एवढं कळतं. दोघंही नोकरीला होते ते बेल लॅबोरेटरीजमध्ये. ज्या बेलनं उभ्या जन्मात ‘हॅलो’ जवळ केला नाही, त्याच्याच नावाच्या प्रयोगशाळेतून तो यंत्रांच्याही तोंडी गेला.

इतर भाषांनी या जागी काय ठेवलं तेही पाहण्यासारखं आहे. इटलीत फोन उचलून म्हणतात ‘प्रोंतो’, तयार आहे. जपानीत ‘मोशी मोशी’, म्हणजे साधारण ‘बोलतोय, बोलतोय’. जर्मन माणूस बहुधा आपलं आडनावच सांगून मोकळा होतो. हंगेरीत मात्र अभिमानानं सांगतात, की ‘हॅलो’ मुळात आमचा. एडिसनबरोबर काम केलेल्या तिवादार पुश्काशनं फोनवर ‘हल्लोम’, म्हणजे ‘ऐकू येतंय’, असं म्हटलं त्यावरून तो आला. पुश्काश खराच मोठा माणूस; १८९३ मध्ये त्यानं बुडापेस्टमध्ये टेलिफोनवरून बातम्या ऐकवणारं वर्तमानपत्र काढलं होतं. पण शब्द त्याचा नव्हे, तो त्याच्या जन्माआधीच छापून झाला होता.

आपल्याकडंही ‘हॅलो’वर एकदा सरकारी नजर वळली. २ ऑक्टोबर २०२२ पासून सरकारी आणि अनुदानित संस्थांतल्या कर्मचाऱ्यांनी फोनवर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणावं, असं आवाहन महाराष्ट्र शासनानं केलं. ‘हॅलो’ हे पाश्चात्त्यांचं अनुकरण, त्याला काही विशिष्ट अर्थही नाही, असा त्यामागचा विचार. ‘वंदे मातरम्’च्या थोरवीबद्दल वाद नाही, उलट ती थोरवीच इथं आड येते. ते वंदन आहे, आणि वंदन उभं राहून, मन लावून करायचं असतं. पाणीपट्टी का वाढली असं विचारायला सतरा वेळा फोन करणाऱ्या माणसासमोर रोज शंभरदा त्याची घंटा वाजवायची, यात घंटेचंही भलं नाही आणि वंदनाचंही नाही. ‘हॅलो’ला अर्थ नाही हे अगदी खरं आहे. म्हणूनच तो दिवसातून शंभरदा वापरून झिजत नाही.

आता मोबाइलच्या पडद्यावर फोन करणाऱ्याचं नाव आधीच उमटतं. कोण आहे हा प्रश्नच उरला नाही, तेव्हा ‘हॅलो’ची गरजही कमी झाली. घरचे लोक थेट ‘हां, बोल’ म्हणून सुरू करतात. अनोळखी नंबर आला की मात्र जुना ‘हॅलो’ चढ्या सुरात जसाच्या तसा परत येतो. अनोळखी माणूस हाच त्याचा प्रांत आहे.

राहिला न्यू हेवनच्या पुस्तकातला दुसरा नियम. बोलणं संपलं की ‘बस, एवढंच’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द उच्चारावेत आणि पलीकडच्यानं ‘ओके’ म्हणावं, असं त्यात सांगितलं होतं. ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. इंग्रजीत लोक आपलं जुनं ‘गुडबाय’च म्हणत राहिले. मराठीनं या कामासाठी उसनं काही आणलं नाही. रिसीव्हर खाली ठेवायचा असे, त्यावरून आपण ‘ठेवतो’, ‘ठेवू का?’, ‘बरं, ठेव मग’ असं म्हणू लागलो. ठेवायला रिसीव्हर राहिला नाही, फोन खिशात असतो, तरी आपण अजून ‘ठेवतो’च. या शब्दाचा निरोप म्हणून उल्लेख कोशांत अजून व्हायचा आहे. कोशकारांनी तो जरूर करावा.